सैन्यभरतीचा प्रश्न : कोरेगावच्या स्तंभापासून अग्निपथापर्यंत

प्रतिवर्षी १ जानेवारीस लक्षावधी उपासक-उपासिका भीमेकाठच्या विजयस्तंभासमोर नतमस्तक होतात. १ जानेवारी १९२७ रोजी बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या स्तंभास भेट दिली, तेव्हापासून या स्थळास आमच्या चळवळीत एक वेगळे स्थान प्राप्त झाले आहे. परंतु या स्तंभाकडे पाहण्याच्या दोन दृष्टी आज प्रचलित आहेत आणि आमच्या मते दोन्ही अपुऱ्या आहेत. एका दृष्टीस तेथे केवळ शौर्य दिसते, दुसरीस केवळ परकीयांची चाकरी दिसते. माणूस सैन्यात का जातो, त्याला तेथे काय मिळते आणि तो दरवाजा बंद झाला म्हणजे त्याच्या घराचे काय होते, हा प्रश्न दोघांच्याही लक्षात येत नाही. प्रस्तुत लेखात आम्ही तोच विचारू इच्छितो.

लढाई आणि तिचा अर्थ

५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली आणि पुणे इंग्रजांच्या हाती गेले. त्यानंतर दोन महिन्यांच्या आतच कॅप्टन स्टाँटनच्या हाताखालील सुमारे आठशे शिपायांची तुकडी शिरूरहून पुण्याकडे येत असता १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगाव येथे तिची दुसऱ्या बाजीरावाच्या फौजेशी गाठ पडली. लढाई दिवसभर चालली. स्तंभावर कोरलेल्या मृतांच्या नावांपैकी २२ नावे 'नाक' या उपपदाने संपणारी, म्हणजे महार शिपायांची आहेत. इतिहासाशी प्रामाणिक राहावयाचे तर हेही सांगितले पाहिजे की, कंपनीच्या तुकडीत इतर जातिधर्मांचे शिपाई होते आणि पेशव्यांच्या बाजूने अरब व गोसावीही लढत होते. तेव्हा ही लढाई सरळसरळ दोन जातींमधील नव्हती. तथापि ज्या पुण्यात अस्पृश्याची सावलीही विटाळ मानली जात होती, त्याच पुण्याच्या परिसरात त्याचे नाव दगडावर कोरले गेले, ही घटना लहान नव्हे. स्तंभाचे महत्त्व आम्ही येथे पाहतो.

छावणीने काय दिले

मुंबई इलाख्याच्या सैन्यात महार शिपायास पगार मिळाला, गणवेश मिळाला आणि निवृत्तीनंतर पेन्शन मिळाली. याहून मोठी गोष्ट म्हणजे पलटणीच्या शाळा. गावच्या शाळेत ज्या मुलास पायरीवर बसण्याची मुभा नव्हती, त्यास छावणीत अक्षरओळख झाली. सुभेदार रामजी सकपाळ हे या व्यवस्थेचेच फळ होत. पुण्याच्या नॉर्मल स्कूलमध्ये शिक्षण घेऊन ते सैनिकी शाळेचे मुख्याध्यापक झाले आणि निवृत्तीनंतर दापोली व सातारा येथे राहून त्यांनी मुलांच्या शिक्षणाचा ध्यास सोडला नाही. कोकणातील दापोली ही तर पेन्शनर शिपायांची वसाहतच बनली होती. गोपाळबाबा वलंगकर हेही सैन्यातून १८८६ मध्ये निवृत्त होऊन तेथेच राहिले व अस्पृश्यतेविरुद्ध लेखणी चालवू लागले. ज्याच्या पोटाची चिंता पेन्शनने मिटवली होती, तोच गावकीची भीती न बाळगता लिहू-बोलू शकला. आमच्या चळवळीच्या पहिल्या पिढीचा पाया असा पेन्शनच्या पैशावर उभा आहे, हे सत्य सांगण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

बंद झालेला दरवाजा

बाबासाहेबांचा जन्म १८९१ मधील. त्याच्या पुढच्याच वर्षी महारांच्या सैन्यभरतीवर गदा आली. सरसेनापती लॉर्ड रॉबर्ट्स यांच्या काळात 'लढवय्या जाती'चा सिद्धान्त प्रबळ झाला. काही जाती जन्मतःच शूर आणि काही जन्मतःच नालायक, असे हा सिद्धान्त सांगत होता. चातुर्वर्ण्याने जे धर्माच्या नावाने केले, तेच साम्राज्याने शास्त्राच्या नावाने केले. कोरेगावचा स्तंभ ज्यांनी उभारला, त्यांनीच स्तंभावरील नावांच्या वारसांना बाहेर काढले. परकीय सत्तेच्या कृतज्ञतेवर विसंबून राहणाऱ्यांनी हा धडा विसरू नये.

याविरुद्ध पहिला अर्ज वलंगकरांच्या पुढाकाराने तयार झाला. पुढे पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी हे काम हाती घेतले. सासवड येथे ५१ गावांच्या महारांची सभा भरवून त्यांनी सरकारकडे अर्ज केला आणि १९१० मध्ये थेट भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. या अर्जात मोठी पदे मागितलेली नाहीत. सरकारी नोकरीतील सर्वांत खालच्या जागा, पोलिसातील शिपाईगिरी आणि सैन्यातील भरती एवढीच ती मागणी होती. अर्जदारांना युद्धाची हौस नव्हती. गावकीच्या बलुत्यातून सुटण्याचा एक मार्ग त्यांच्या डोळ्यांदेखत बुजवला गेला होता व तो त्यांना पुन्हा मोकळा करून हवा होता.

पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा १९१७ मध्ये '१११ महार' ही पलटण उभी राहिली. गरज संपताच १९२१ मध्ये ती मोडीत निघाली. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा गरज लागली. १९४१ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर होते आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये बेळगाव येथे महार रेजिमेंटची स्थापना झाली. या वेळी मात्र दरवाजा पुन्हा बंद झाला नाही. आज या रेजिमेंटमध्ये अनेक प्रांतांतील व समाजांतील जवान आहेत. श्रीलंकेत २५ नोव्हेंबर १९८७ रोजी धारातीर्थी पडून परमवीरचक्राचे मानकरी ठरलेले मेजर रामस्वामी परमेश्वरन हे तमिळ कुटुंबातील, मुंबईत जन्मलेले आणि ८ महार पलटणीचे अधिकारी होते. जातीच्या नावाने उभी राहिलेली पलटण जातीच्या पलीकडे गेली, हा 'लढवय्या जाती'च्या सिद्धान्तास मिळालेला सर्वांत चोख जबाब होय.

बाबासाहेबांची संरक्षणदृष्टी

भरतीचे दार उघडणारे बाबासाहेब सैन्याचे भाट नव्हते. १९४० मधील आपल्या पाकिस्तानविषयक ग्रंथात त्यांनी सैन्यात कोणत्या प्रांताचे व समाजाचे लोक किती आहेत, याची बारकाईने छाननी केली. सुरक्षित सरहद्दीपेक्षा भरवशाचे सैन्य अधिक मोलाचे, असा त्यांचा निष्कर्ष होता. १९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा देताना त्यांनी परराष्ट्र धोरणावर बोट ठेवले : ३५० कोटींच्या वार्षिक महसुलातून सुमारे १८० कोटी सैन्यावर खर्च होतात, कारण आपण मित्र जोडलेले नाहीत. सैन्य सर्वांना खुले असावे, पण राष्ट्राने आपला निम्मा घास तोफांच्या तोंडी घालू नये, या दोन भूमिका त्यांच्या ठायी एकत्र नांदत होत्या. आमच्या व्यासपीठांवर पहिलीचा जयघोष होतो, दुसरीचा उल्लेखही होत नाही.

धम्म आणि सैनिक

येथे काही उपासक विचारतील की, अहिंसेच्या धम्मात सैनिकास स्थान कोणते? महावग्गातील कथा अशी की, मगधाच्या सरहद्दीवर गडबड माजली असता काही सैनिकांनी प्रव्रज्या घेतली. बिंबिसाराच्या विनंतीवरून भगवंतांनी राजसेवेत असलेल्या सैनिकास दीक्षा देऊ नये असा नियम केला. म्हणजे संघ ही कर्तव्यातून पळण्याची वाट नव्हे. परंतु संयुत्तनिकायात, रणात मरणारा योद्धा स्वर्गास जातो काय, असे एका योद्ध्याने विचारले तेव्हा भगवंतांनी त्याची खोटी समजूत घातली नाही. मारण्याच्या इच्छेने भरलेले चित्त सद्गतीस नेत नाही, हेच त्यांनी सांगितले. अंगुत्तरनिकायात उपासकास शस्त्रांचा व्यापार वर्ज्य सांगितला आहे. बाबासाहेबांनीही मारण्याची इच्छा आणि मारण्याची अपरिहार्यता यांत भेद केला. तात्पर्य, सैनिक निंद्य नाही, पण युद्धाचे उदात्तीकरण धम्मास मान्य नाही.

आजचा प्रश्न

पुणे हे लष्कराचे शहर आहे. दक्षिण कमांडचे मुख्यालय येथे, राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी खडकवासल्यास, दारूगोळ्याचा कारखाना खडकीस १८६९ पासून. अशा शहरात राहून संरक्षणाचे राजकारण आपला विषय नाही असे म्हणता येणार नाही. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना जाहीर झाली. तिच्या अटींनुसार साडेसतरा ते २१ वर्षांच्या तरुणास चार वर्षांसाठी भरती करावयाचे, त्यांपैकी जास्तीत जास्त २५ टक्क्यांस कायम करावयाचे आणि उरलेल्यांना सुमारे पावणेबारा लाखांचा सेवा निधी देऊन परत पाठवावयाचे, पेन्शन नाही. त्या वर्षी संरक्षणाची तरतूद सव्वापाच लाख कोटींची होती व तीतील सुमारे एक लाख वीस हजार कोटी पेन्शनचे होते. हा भार मोठा आहे आणि तरुण सैन्याची गरजही खरी आहे, हे आम्ही नाकारीत नाही. या योजनेत सर्व समाजांना खुल्या भरतीचे तत्त्व आहे, त्याचेही आम्ही स्वागत करतो.

परंतु वर सांगितलेला इतिहास या हिशेबात कोठे आहे? रामजी सकपाळांस चार वर्षांनी घरी धाडले असते तर? वलंगकरांस पेन्शन नसती तर? गरिबाच्या घरातून आलेल्या शिपायास सैन्याने दिलेली खरी देणगी बंदूक नव्हती, स्थैर्य होते. त्या स्थैर्यातून पुढची पिढी शिकली. १८९२ मध्ये दरवाजा बंद झाला होता. आज तो उघडा आहे, पण चारांपैकी तिघांसाठी तो चार वर्षांनी बाहेरच्या बाजूस उघडतो. काटकसर करावयाची तर ती शिपायाच्या म्हातारपणात करू नये. १९५१ मध्ये बाबासाहेबांनी दाखविलेल्या मार्गाने, म्हणजे शहाण्या परराष्ट्र धोरणाने व शत्रूंची संख्या घटवून करावी.

२५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी पुण्याजवळच्या देहूरोड येथे भगवान बुद्धांच्या मूर्तीची प्रतिष्ठापना केली. लष्करी डेपोच्या आधाराने वाढलेल्या त्या वसाहतीत, दारूगोळ्याच्या शेजारी, करुणेची मूर्ती बसली. कोरेगावचा स्तंभ आणि देहूरोडचे विहार ही दोन्ही स्थळे पुण्याच्याच परिसरात आहेत. १ जानेवारीस स्तंभाकडे जाणाऱ्या प्रत्येक उपासकाने परतताना देहूरोडचेही स्मरण ठेवावे आणि आपल्या लोकप्रतिनिधीस शिपायाच्या पेन्शनचा प्रश्न अवश्य विचारावा, एवढेच आमचे सांगणे आहे.