अठरा दिवसांचा हंगाम

'लीग' या शब्दाला आपल्याकडे 'साखळी स्पर्धा' असा प्रतिशब्द रूढ आहे. शब्द चांगला आहे. कडीत कडी अडकवत महिनोन्‌महिने चालणारी स्पर्धा, आज हरले तर पंधरा दिवसांनी भरपाईची संधी देणारी. पण भारतातल्या पहिल्या राष्ट्रीय महिला फुटबॉल लीगच्या तारखा मी वहीत उतरवून घेतल्या, तेव्हा ही साखळी फारच आखूड निघाली. अंतिम टप्पा 28 जानेवारी 2017 रोजी दिल्लीत सुरू झाला आणि 14 फेब्रुवारीला संपला. दोन्ही दिवस धरून अठरा. महाभारताचे युद्धही अठरा दिवसांतच आटोपले होते, हा विचार मनात आल्यावाचून राहिला नाही.

आता त्याच मोसमाचे दुसरे पान. त्याच महासंघाची पुरुषांची आय-लीग 7 जानेवारीला सुरू होऊन 30 एप्रिलला संपली. दहा संघ, प्रत्येकाचे घरच्या मैदानावर नऊ आणि बाहेर नऊ असे अठरा सामने, एकूण नव्वद. महिलांचे संघ सहा. प्रत्येकाने इतर पाचांशी एकेकदाच खेळायचे, म्हणजे पंधरा सामने. मग दोन उपांत्य आणि एक अंतिम. बेरीज अठरा. पुरुषांचा एक क्लब एकट्याने जेवढे सामने खेळला, तेवढ्यात महिलांची संपूर्ण राष्ट्रीय लीग उरकली, तीही एकाच शहरात. घरचे मैदान नाही, परतीचा सामना नाही. हिशेब फार सोपा आहे, पण मांडल्याशिवाय दिसत नाही. आकड्यांची शिस्त मला कोणत्याही विद्यापीठाने शिकवलेली नाही. कात्रणे चिकटवता चिकटवता ती लागली.

हे सहा संघ कोणते, ते पाहण्यासारखे आहे. ऑक्टोबर 2016 मध्ये कटकला झालेल्या पात्रता फेरीतून आलेले चार : इंफाळचा ईस्टर्न स्पोर्टिंग युनियन, ओडिशाचा रायझिंग स्टुडंट्स क्लब, हरियाणातल्या भिवानी जिल्ह्यातील अलखपुरा या गावाचा संघ, आणि दक्षिणेतली जेप्पियार ही अभियांत्रिकी संस्था. पुरुषांच्या व्यावसायिक फुटबॉलमधले क्लब दोनच, आयझॉल एफसी आणि एफसी पुणे सिटी. म्हणजे एक मोहल्ल्यातला क्लब, एक विद्यार्थ्यांचा, एक गाव, एक कॉलेज. पैसेवाल्या क्लबांपैकी बहुतेकांना महिलांचा संघ काढावासा वाटला नव्हता. पुण्याने काढला, याची नोंद महाराष्ट्राच्या खात्यावर करायला हवी. (तो क्लबच 2019 मध्ये बंद पडला, हीसुद्धा नोंद करायला हवी.)

दिल्ली गेटजवळच्या आंबेडकर स्टेडियमवर अंतिम सामना झाला. ईस्टर्नने रायझिंग स्टुडंट्सला 3-0 असे हरवले. स्पर्धेत सर्वाधिक गोल ईस्टर्नच्या युम्नाम कमला देवी यांचे होते, 12. अंतिम फेरी गाठणाऱ्या संघालाही जास्तीत जास्त सातच सामने मिळणार होते, हे लक्षात घेतले की या बाराचे वजन कळते.

आणि ईस्टर्नच्या त्या मोहिमेत ओइनाम बेमबेम देवी होत्या. माझ्या मते या हंगामाचा खरा इतिहास इथे आहे. बेमबेम देवींचा जन्म 1980 चा. 1995 मध्ये, पंधराव्या वर्षी, त्या भारताकडून पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळल्या. फेब्रुवारी 2016 मध्ये दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धेचे सुवर्णपदक जिंकून त्यांनी भारताची जर्सी उतरवली. मधल्या एकवीस वर्षांत पुरुषांची राष्ट्रीय लीग 1996 मध्ये सुरू झाली, 2007 मध्ये तिची आय-लीग झाली, 2014 मध्ये सिनेतारे आणि क्रिकेटपटू मालक असलेली इंडियन सुपर लीग आली. महिलांसाठी काहीच नाही. देशाच्या कर्णधाराला क्लब फुटबॉल खेळायला 2014 मध्ये मालदीवला जावे लागले, न्यू रेडियंट या क्लबकडून. लीग आली ती त्यांच्या निवृत्तीनंतर वर्षाने.

मग एवढी वर्षे या मुली खेळत कशाच्या आधारावर होत्या? याचे उत्तर क्रीडापानांपेक्षा नोकरीच्या कागदांत सापडते. बेमबेम देवी मणिपूर पोलिसांत, कमला देवी रेल्वेत. पोलीस आणि रेल्वे यांच्या क्रीडा कोट्याने महिला फुटबॉल जगवले. बारावीनंतर घरचे विचारतात, 'खेळून काय मिळणार?' त्याला 'सरकारी नोकरी' एवढे एकच उत्तर होते. मणिपुरात त्याला आणखी एक आधार होता, मोहल्ल्यामोहल्ल्यातले क्लब आणि त्यांना धरून राहणारी माणसे. महासंघाच्या आधी मैदान तयार होते ते असे. म्हणून 2017 च्या विजेतेपदाला मी लीगचे फळ म्हणत नाही. लीगने फक्त आधीच पिकलेले गोळा केले.

महासंघाबाबत अगदीच कठोर होऊ नये, असेही मला वाटते. याच मुलींनी 4 जानेवारी 2017 ला सिलिगुडीत बांगलादेशला 3-1 हरवून सलग चौथे सॅफ विजेतेपद मिळवले होते. त्यानंतर चोवीस दिवसांत लीग सुरू झाली. आखूड का असेना, पण झाली, आणि पुढच्या वर्षीही झाली. दुसऱ्या हंगामात रायझिंग स्टुडंट्सने ईस्टर्नला पेनल्टींवर हरवून पराभवाची परतफेड केली. पुढे कोल्हापूरचा संघही या स्पर्धेत दिसला. फुटबॉलवेड्या पेठांच्या त्या शहरातून मुलींचा संघ जावा, याचे मला फार अप्रूप वाटले. घरचे मैदान आणि परतीचा सामना मात्र 2023-24 च्या हंगामातच आले. ती लीग ओडिशा एफसीने जिंकली. 'साखळी' हा शब्द तिला पहिल्यांदा शोभला.

एक गोष्ट मात्र मला अजून बोचते. महासंघाच्या महिला राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेची गणती 1991-92 पासून होते. पण महिलांचा स्वतंत्र फुटबॉल महासंघ 1975 मध्ये स्थापन झाला होता आणि त्याच वर्षी लखनौला राष्ट्रीय स्पर्धाही झाली होती. 1980 मध्ये कालिकतला आशियाई महिला स्पर्धा भरली, भारताने चक्क दोन संघ उतरवले आणि त्यातला एक उपविजेता ठरला. 1983 मध्ये बँकॉकला पुन्हा उपविजेतेपद. त्याच वर्षी शांती मलिक यांना अर्जुन पुरस्कार मिळाला, महिला फुटबॉलपटूला मिळालेला पहिला. गोव्याच्या योलांडा डिसोझा याच पिढीच्या. नव्वदीच्या सुरुवातीला तो महासंघ मुख्य महासंघात विलीन झाला आणि नोंदवही नव्याने उघडली गेली. जुनी वही बंद झाली ती झालीच. 2017 ला 'सुरुवात' म्हणताना त्यामुळे माझी लेखणी अडखळते.

त्या पंधरा-सोळा वर्षांत महाराष्ट्राच्या किंवा गोव्याच्या संघातून खेळलेल्या बायका आज साठीच्या पुढेमागे असतील. कुणाच्या आईच्या, मावशीच्या, काकूच्या ट्रंकेत संघाचा एखादा गट-फोटो, प्रमाणपत्र किंवा रेल्वे सवलतीचा कागद असेल, तर तो रद्दीत देऊ नका. फोटोमागे नावे पेन्सिलीने लिहून ठेवा, डावीकडून उजवीकडे, आणि जमल्यास संपादकांकडे पाठवा. माझी वही 1975 च्या पानावर उघडीच आहे.