वायरबुशची भट्टी

जर्मनीच्या नकाशावर वायरबुश हे गाव शोधावयाचे तर आधी कोलोन शहर शोधावे, आणि तेथून फ्रांकफुर्टकडे जाणारा जुना हमरस्ता धरावा. ऱ्हाइन नदी मागे पडली, की हळूहळू चढण लागते, हवा गार होऊ लागते आणि वेस्टरवाल्ड नावाचा डोंगराळ मुलूख सुरू होतो. या मुलखात वारा फार, उन्हाळा तोकडा आणि जमीन हलकी. रायी नावाचे काळसर धान्य, ओट, बटाटे आणि दोन-चार गुरे, एवढ्यावर येथील कुणब्याचा संसार चाले. द्राक्षांचे मळे आणि किल्ले पाहावयास येणारा प्रवासी ऱ्हाइनच्या काठानेच निघून जातो. वर वेस्टरवाल्डात चढण्याचे त्याला कारण पडत नाही. वायरबुशची वस्ती आजही हजार-दीड हजारांच्या घरात आहे. राजवाडा नाही, रणांगण नाही. तरीही आज आम्ही श्रोत्यांना या गावी घेऊन जात आहोत, ते एका पाव भाजण्याच्या भट्टीपायी.

१८१५ साली व्हिएन्नाच्या तहानंतर हा मुलूख प्रशियाच्या राज्यात गेला. प्रशियाच्या कारभारात पाच-पंचवीस खेडी मिळून एक महाल केलेला असे आणि त्यावर ‘बुर्गरमायस्टर’ नावाचा अधिकारी नेमीत. याला आपण नगराध्यक्ष म्हणतो खरे, पण या खेड्यांत त्याचे काम मामलेदार आणि पाटील या दोघांच्या मधले असे. लोक त्याला निवडून देत नसत. तो वरून येई, आणि त्याच्यावर जिल्ह्याच्या अधिकाऱ्याची नजर असे. वायरबुश हे अशा बावीस खेड्यांचे ठाणे होते. १८४५ साली तेथे फ्रीडरिख विल्हेल्म राइफायझेन नावाचा, वयाची सत्तावीस वर्षेही न ओलांडलेला एक तरुण रुजू झाला. त्याचा जन्म जवळच्याच हाम गावी १८१८ साली झालेला. घरची स्थिती बेताची, भावंडे पुष्कळ. उच्च शिक्षणाचा खर्च झेपेना म्हणून तो तोफखान्यात शिरला, परंतु डोळ्यांच्या विकाराने ती नोकरीही सुटली. हा डोळ्यांचा आजार पुढे जन्मभर त्याच्या मागे राहिला.

तो आला आणि संकटही आले. बटाट्यावरील रोगाने त्या वर्षांत सगळ्या उत्तर युरोपात हाहाकार उडवला होता. १८४६ साली रायीचे पीकही बुडाले. त्या हिवाळ्यात वेस्टरवाल्डात धान्याचे भाव गरिबाच्या हातापलीकडे गेले. सरकारने पीठ पाठवले, नाही असे नाही. मात्र त्यासोबत हुकूम आला की, हे पीठ रोख पैसे घेऊनच विकावे. ज्याच्याजवळ रोख पैसा आहे त्याला सरकारी पिठाची गरज काय, हा प्रश्न हुकूम काढणाऱ्याच्या ध्यानात आला नसावा. कचेऱ्यांचे हे असे सर्व देशांत चालते. राइफायझेनने हुकूम बाजूस ठेवला आणि पीठ उधारीवर वाटले. त्याबद्दल वरिष्ठांचा रोष त्याने ओढवून घेतला.

पण सरकारी पीठ किती दिवस पुरणार? तेव्हा त्याने गावोगावच्या सधन माणसांना गाठले, त्यांच्याकडून पैसा उभा केला आणि ‘ब्रोडफेराइन’, म्हणजे पावमंडळ, स्थापन केले. या मंडळाने बाहेरून धान्य विकत आणले आणि गावात एक भट्टीघर बांधले. तेथे पाव भाजून, बाजारापेक्षा पुष्कळच स्वस्त, गरजूंना उधारीच्या चिठ्ठीवर द्यावयाचा आणि पीक हाती आल्यावर त्यांनी पैसे फेडावयाचे, अशी ही योजना होती. वसंतात लावणीसाठी बटाट्याचे बियाणेही मंडळाने एकत्र खरेदी केले.

या भट्टीघराविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे. त्या भागात त्याला ‘बाकेस’ म्हणतात. जर्मन खेड्यात अशी सामाईक भट्टी ही काही नवी गोष्ट नव्हती. घरोघर चुली पेटवून पाव भाजण्यात लाकूड फार जाई आणि गवती छपरांना आगीची भीती असे, म्हणून सर्वांनी मिळून एकच दगडी भट्टी वापरण्याची चाल जुनी होती. आत काटक्या पेटवावयाच्या, दगड तापले की निखारे ओढून काढावयाचे आणि लांब दांड्याच्या फळीने पावाचे गोळे आत सारावयाचे. ज्याची पाळी पहिली, त्याला थंड भट्टी तापवावी लागे. म्हणजे त्याचे सरपण सर्वांत जास्त जळे. म्हणून कित्येक गावी पाळीसाठी चिठ्ठ्या टाकीत. सामाईक वस्तू वापरावयाची तर ओझेही आळीपाळीने वाहिले पाहिजे, हा हिशेब या लोकांना कोणा विद्वानाने शिकवलेला नव्हता. राइफायझेनने गावाच्या अंगवळणी असलेल्या या चालीला भांडवल, हिशेबाची वही आणि परतफेडीची मुदत जोडून दिली. आमच्या मते त्याचे कर्तृत्व एवढेच आहे, आणि एवढे पुष्कळ आहे.

त्याने शाळेकडे लक्ष दिले; रस्ताही काढला. वायरबुशहून ऱ्हाइनकाठच्या नॉयवीडपर्यंत गाडीवाट नीट झाली, तर डोंगरातला माल नदीवर पोहोचेल, हे त्याने ओळखले होते. त्या मार्गाला आज त्याचेच नाव आहे.

१८४८ साली त्याची बदली जवळच्या फ्लामर्सफेल्ड येथे झाली. तेथे प्रश्न पावाचा नव्हता, गाईचा होता. गुरांचे व्यापारी शेतकऱ्याला गाय उधार देत किंवा पाळावयास देत, आणि हप्ता चुकला की गाय, गवत आणि वेळप्रसंगी शेतही घेऊन जात. १८४९ साली राइफायझेनने साठ सधन गृहस्थांना एकत्र आणून, सर्वांच्या सामाईक जामिनकीवर कर्ज उभारले. त्यातून गुरे घेऊन ती पाच वर्षांच्या हप्त्यांनी शेतकऱ्यांना दिली. १८५२ साली तो नॉयवीडजवळच्या हेडेसडॉर्फला गेला. तेथील मंडळाने तर अनाथ मुले आणि सुटून आलेले कैदी यांचाही भार उचलला. परंतु दहा वर्षांत श्रीमंतांचा उत्साह ओसरला. मनुष्य एकदा दान करतो, दोनदा करतो. तिसऱ्या वेळी दाराची कडी लावतो. राइफायझेन श्रद्धाळू ख्रिस्ती होता. भूतदयेवरील भिस्त सोडणे त्याच्या जिवावर आले. अखेर १८६४ साली त्याने मंडळाची घटना बदलली: ज्याला कर्ज हवे त्याने सभासद झालेच पाहिजे. देणारा आणि घेणारा हा भेद तेथे संपला. मंडळाचे क्षेत्र लहान, म्हणजे सर्वांनी सर्वांना ओळखावे इतके, चालक बिनपगारी, आणि एकाचे देणे बुडाले तर सर्वांची मालमत्ता त्याला बांधलेली. तेव्हा शेजाऱ्याची गाय आजारी पडली तर ती आपलीही काळजी झाली. १८६६ साली, दृष्टी जवळजवळ गेलेली असताना, त्याने या अनुभवावर ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढील वर्षांत त्याची कन्या आमाली हीच त्याचे डोळे झाली.

येथे एक अप्रिय गोष्ट नोंदवली पाहिजे. गुरांच्या व्यापाऱ्यांत आणि सावकारांत ज्यू पुष्कळ होते, आणि राइफायझेनने आपल्या लेखनात सावकारीचा दोष त्या समाजाच्या माथी मारला. अधिकारपदे आणि जमिनी शतकानुशतके ज्यांना बंद होत्या, त्यांनी व्यापारच केला यात नवल ते काय? पुढे जर्मनीत या द्वेषाचे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. वायरबुशच्या भट्टीचे कौतुक करताना हे पान फाडून टाकता येत नाही.

आता आपल्याकडे वळू. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांतून कर्जरोखे ओढून काढून जाळले. त्याच वर्षी न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला. रानडे आणि वेडरबर्न यांनी पुढे पुरंदर तालुक्यासाठी शेतकी बँकेची योजना मांडली. पण लंडनच्या सरकारने ती मोडीत काढली. मग मद्रास सरकारने फ्रेडरिक निकल्सन यांना युरोपातील शेतकी पतपेढ्यांच्या अभ्यासाचे काम दिले. १८९५ आणि १८९७ साली त्यांचा अहवाल दोन खंडांत निघाला, आणि त्याचे सार त्यांनी दोन शब्दांत सांगितले: राइफायझेन शोधा. १९०४ सालचा सहकारी पतपेढ्यांचा कायदा या शोधातूनच झाला. त्यात खेड्यांतील पतपेढ्यांना अमर्याद जबाबदारीचे तत्त्व लावले होते, म्हणजे हेडेसडॉर्फचाच नियम. आपल्या साखर कारखान्यांचे रूप निराळे आहे. तेथे भागभांडवल आणि मर्यादित जबाबदारी. त्यांचे कूळ वायरबुशपर्यंत नेण्याचा मोह काही वक्त्यांना होतो, पण ती सोयरीक लांबची आहे. गावच्या विकास सोसायटीचे नाते मात्र सख्खे आहे. गंमत अशी की, आपला कायदा झाला त्याच १९०४ साली हेडेसडॉर्फ नॉयवीड शहरात विलीन झाले आणि स्वतंत्र गाव म्हणून उरले नाही.

वायरबुश मात्र उरले. त्याची स्वतःची ग्रामसभा आहे, आणि तिचे सभासद आता दर पाच वर्षांनी निवडून येतात; गावप्रमुखाला पगार नाही. मोठा कारभार शेजारच्या गावांशी मिळून चालतो. २०२० साली आल्टेनकिर्शेन आणि फ्लामर्सफेल्ड हे दोन गट एक झाले, तेव्हापासून राइफायझेनची ही दोन्ही ठाणी एकाच छत्राखाली आली आहेत. हाम येथे त्याच्या नावाचे संग्रहालय आहे, फ्लामर्सफेल्डला त्याचे राहते घर जपलेले आहे, आणि वायरबुशने जपली आहे ती भट्टीची आठवण.