सार्वजनिक इमारतींची वीज आणि तिचा हिशेब

विजेच्या मीटरला इतिहास कसला, असे कोणी विचारील. परंतु जो पैसा सर्वांचा, त्याचा हिशेब कोणी ठेवावयाचा, हा प्रश्न फार जुना आहे. कचेरीच्या भिंतीवरील मीटर हे त्याच प्रश्नाचे अलीकडचे रूप होय.

मुंबईला विजेचा प्रकाश प्रथम दिसला तो १८८२ साली, क्रॉफर्ड मार्केटात, म्हणजे आजच्या महात्मा फुले मंडईत. तेथे दिवे लावणारी कंपनी लवकरच बुडाली आणि मंडईत पुन्हा गॅसचे दिवे आले. तरी एवढे ध्यानात ठेवावे की त्या शहरात विजेचे पहिले गिऱ्हाईक सार्वजनिक इमारतच होती.

आमचा बीड जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला आणि त्याच वर्षी २० जूनला राज्य वीज मंडळ स्थापन झाले. १९७१ साली परळी वैजनाथ येथे ३० मेगावॅटचा पहिला संच सुरू झाला. १९८० ते १९८७ या काळात २१० मेगावॅटचे तीन संच उभे राहिले. पुढे २००७, २०१० आणि २०१६ या साली २५० मेगावॅटचे तीन आले. जुने संच आता बंद आहेत.

वीज जेथे तयार होते, तेथे मापाला फार मान असतो. कोळसा किती जळला, पाणी किती लागले, वीज किती बाहेर पडली, हे सारे पाळीगणिक नोंदले जाते. आमच्यासारख्या शाळा अर्धी टाकलेल्या माणसांनी आकडेमोड शिकली ती अशाच वह्यांवर.

या मापाचे मोल आम्हांला दुष्काळाने शिकविले. परळीच्या केंद्राला गोदावरीवरील खडका बंधाऱ्याचे पाणी लागते. फेब्रुवारी २०१३ मध्ये आणि पुन्हा जुलै २०१५ मध्ये पाण्यावाचून ते केंद्र थांबवावे लागले. कोणतेही वीजकेंद्र थांबले की सर्वांत आधी कंत्राटी कामगाराची चूल विझते. म्हणून विजेची उधळपट्टी ही आम्हांला केवळ पैशाची बाब वाटत नाही.

आता वापराची बाजू पाहू. एका कचेरीत ७५ वॅटचे दहा पंखे मधल्या सुटीत एक तास रिकामे फिरले, तर पाऊण युनिट गेले. दगडी कोळशाच्या केंद्रात एका युनिटला साधारण ७०० ग्रॅम कोळसा जळतो, आणि २०१५ साली सरकारने जुन्या केंद्रांना घालून दिलेली पाण्याची मर्यादा युनिटमागे साडेतीन लिटर आहे. म्हणजे त्या एका तासात अर्धा किलो कोळसा आणि अडीच लिटरच्या आसपास पाणी खर्ची पडले. ज्या जिल्ह्यात बायाबापड्या टँकरची वाट पाहत बसतात, तेथे हा हिशेब कोणालाही कळेल.

कायदा झाला नाही असे नाही. २००१ साली ऊर्जा संवर्धनाचा कायदा झाला आणि १ मार्च २००२ रोजी ऊर्जा दक्षता ब्यूरो अस्तित्वात आला. २०१० च्या दुरुस्तीने १०० किलोवॅट जोडभाराच्या इमारती कायद्याच्या कक्षेत आल्या. परंतु तालुक्याच्या लहान कचेऱ्या, शाळा, दवाखाने बहुधा या रेषेच्या खालीच राहतात. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्र सरकारने तालुका पातळीवरील आणि त्यावरील सरकारी कचेऱ्यांना आगाऊ पैसे भरण्याचे नवे मीटर बसविण्यासाठी डिसेंबर २०२३ ची मुदत घातली.

मीटर नवा आला म्हणून हिशेब आपोआप होत नाही. यंत्र आकडा दाखविते. गेल्या महिन्याहून तो का वाढला, हे माणसालाच विचारावे लागते. घरी बिल वाढले तर माउली त्याच दिवशी सर्वांना जाब विचारते. कचेरीचे बिल मात्र तिजोरीतून जाते. जो बटण दाबतो त्याला ते दिसत नाही, आणि जो पैसे मंजूर करतो त्याला पंखा दिसत नाही. गळती आहे ती या दोघांच्या मधल्या जागेत.

मग दोष शिपायाच्या माथी मारला जातो. हे आम्हांला मान्य नाही. तारतंत्र्याची जागा भरावयाची नाही, नादुरुस्त बटण महिनोन्‌महिने बदलावयाचे नाही आणि दिवा जळत राहिला म्हणून शिपायाला बोल लावावयाचा, हा न्याय नव्हे. आमची मागणी साधी आहे. प्रत्येक सार्वजनिक इमारतीत आठवड्याच्या ठरलेल्या दिवशी मीटरचा आकडा वहीत लिहावा. लिहिणाऱ्याचे नाव खाली असावे, त्याला त्या कामाचा वेळ आणि अधिकार मिळावा. महिन्याचा एकूण आकडा दाराशी फळ्यावर लावावा, म्हणजे येणारा-जाणारा तो वाचील.

गिरणीत असो वा वीजकेंद्रात, कामगाराच्या श्रमाचे माप मालकाने नेहमीच चोख ठेवले. त्या श्रमातून निघालेल्या विजेचे मापही तितकेच चोख ठेवले जावे, एवढेच मागणे आम्ही नगरवासीयांपुढे ठेवीत आहोत. येथे मालक तुम्ही आहात.