चकतीवरील कुलूप आणि इतिहासाचे साधन

'ॲपल टू' या गृहसंगणकासाठी १९७८ साली आलेल्या 'डिस्क टू' या फ्लॉपी-यंत्रात स्टीव्ह वॉझ्नियाक यांनी वाचन-लेखनाचे बरेचसे नियंत्रण आज्ञावलीकडे सोपविले. त्यामुळे यंत्र स्वस्त झाले. परंतु चकतीवरील मांडणी बदलण्याची मुभाही प्रकाशकांस मिळाली. नेहमीच्या ३५ वर्तुळमार्गांच्या मधल्या जागेत मजकूर लिहिणे, विभागारंभीची खूण बदलणे, अशा युक्त्यांपुढे सामान्य नकल-साधन निष्प्रभ ठरत असे. पुढे चकत्या जीर्ण होऊ लागल्या, तेव्हा हेच कुलूप जतनाच्या आड आले. अनेक कृती टिकल्या त्या कुलूप फोडणाऱ्यांच्या प्रतींतून. मात्र त्यांत पुष्कळदा मूळ पाठ बदललेला व फोडणाऱ्याची नाममुद्रा घातलेली आढळते. म्हणून हस्तलिखिताप्रमाणेच अशा प्रतीचीही पाठचिकित्सा केल्यावाचून ती साधन म्हणून ग्राह्य मानता येणार नाही.