काउंटी भूमी-अभिलेख (अमेरिका)

अमेरिकेत जमीन, घर किंवा इतर स्थावर मालमत्तेचे दस्त नोंदवून घेणे, जपणे आणि कोणालाही पाहायला खुले ठेवणे हे काम काउंटी या स्थानिक प्रशासकीय विभागाच्या कार्यालयात चालते. तिथल्या दस्त, सूची आणि नकाशांच्या साठ्याला काउंटी भूमी-अभिलेख म्हणतात. काउंट्या आणि त्यांच्या बरोबरीचे विभाग मिळून देशभरात तीन हजारांहून अधिक आहेत. खाजगी जमिनीच्या मालकीचे केंद्र सरकारचे असे एकच दप्तर नाही आणि बहुतेक राज्यांचेही नाही. त्यामुळे मालमत्ता कोणत्या काउंटीत मोडते हे आधी ठरवावे लागते, मगच शोध सुरू होतो.

या अभिलेखांत दस्त नोंदवले जातात, मालकी नव्हे. खिडकीवरचा कर्मचारी सही, नोटरीचा शिक्का, मालमत्तेचे वर्णन आणि शुल्क एवढेच पाहतो. लिहून देणाऱ्याला ती जमीन विकण्याचा हक्क होता का, हे तो तपासत नाही. ते त्याचे कामच नाही. हक्क नसलेल्या माणसाने करून दिलेले खत केवळ नोंदले गेले म्हणून खरे ठरत नाही. उलट रीतसर झालेले खत नोंदवायचे राहून गेले, तरी बहुतेक राज्यांत ते त्या दोन पक्षांपुरते वैध असते. नोंदणीचा खरा उपयोग तिसऱ्या माणसाच्या बाबतीत होतो. एकच जमीन दोघांना विकली गेली, तर बहुतेक राज्यांत आधीच्या व्यवहाराची माहिती नसलेल्या, मोल देऊन घेणाऱ्या प्रामाणिक खरेदीदाराला कायदा संरक्षण देतो. नॉर्थ कॅरोलायनात मात्र जो आधी नोंदवतो त्याचा हक्क वरचढ ठरतो. मॅसॅच्युसेट्स बे वसाहतीने १६४० मध्येच नोंदणीचा कायदा केला, त्यामागेही अशा लपवाछपवीच्या व्यवहारांची भीती होती.

मराठी वाचकाने इथे सातबारा डोळ्यांसमोर आणला तर घोटाळा होतो. महाराष्ट्रात दुय्यम निबंधकाकडे खरेदीखत नोंदवले की तलाठ्याकडे फेरफार होऊन अधिकार अभिलेखात नाव लागते, आणि महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ नुसार ती नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते. अमेरिकेत असा उतारा नाही. दिसायला त्याच्या जवळचे म्हणजे असेसर या कर-आकारणी अधिकाऱ्याच्या दप्तरातले पान. त्यावर मालकाचे नाव, क्षेत्र, बांधकामाचे वर्ष, करपात्र मूल्य आणि भूखंडाचा क्रमांक असतो. हे पान इंटरनेटवर चटकन सापडते आणि पुष्कळ जण तिथेच थांबतात. पण ती कराची नोंद आहे. आपल्याकडे घरपट्टीच्या पावतीवर नाव असल्याने कोणी मालक ठरत नाही, तसेच तिथेही. खरेदीनंतर ते नाव बदलायला काही महिने लागू शकतात, गहाणाचा बोजा त्यावर दिसत नाही, आणि मूल्याचा बाजारभावाशी मेळ बसेलच असे नाही. कॅलिफोर्नियात तर १९७८ च्या ‘प्रपोझिशन १३’ मुळे मालमत्ता हस्तांतरित होईपर्यंत करपात्र मूल्य वर्षाला फार तर दोन टक्क्यांनी वाढते. शेजारच्या दोन सारख्या घरांच्या मूल्यांत त्यामुळे कित्येक पटींचा फरक पडू शकतो. असेसरच्या पानाचा मोठा उपयोग एकच, तिथला भूखंड क्रमांक आणि शेवटच्या दस्ताचा क्रमांक टिपून घ्यायचा आणि दस्तनोंदणीच्या कार्यालयाकडे वळायचे.

त्या कार्यालयाचे नाव राज्यागणिक बदलते. कॅलिफोर्निया, ओहायो, ॲरिझोनात काउंटी रेकॉर्डर. नॉर्थ कॅरोलायना, मिशिगन, विस्कॉन्सिनमध्ये रजिस्टर ऑफ डीड्स. टेक्सासमध्ये काउंटी क्लार्क. व्हर्जिनिया आणि फ्लोरिडात सर्किट कोर्टाचा क्लार्क. शिकागो ज्या कुक काउंटीत आहे तिथले वेगळे रेकॉर्डर कार्यालय २०२० च्या अखेरीस काउंटी क्लार्कमध्ये विलीन झाले. कनेक्टिकट, र्‍होड आयलंड आणि व्हरमाँट या तीन राज्यांत काउंटीकडे जाऊन उपयोग नाही. तिथे दस्त गावोगावच्या टाउन क्लार्ककडे असतात. हवाईत सगळ्या राज्यासाठी होनोलुलूला एकच कार्यालय आहे. लुइझियानात काउंटीऐवजी पॅरिश असतात. न्यू यॉर्क शहरातल्या पाचपैकी चार बरोंचे (शहराच्या विभागांचे) १९६६ पासूनचे दस्त शहराच्या ‘एक्रिस’ या संगणकीय व्यवस्थेत घरबसल्या पाहता येतात, पण स्टेटन आयलंडसाठी रिचमंड काउंटी क्लार्ककडेच जावे लागते.

टपालाच्या पत्त्यावरूनही फसगत होते. अटलांटा शहराचा बराचसा भाग फुल्टन काउंटीत आणि काही भाग डिकाल्ब काउंटीत आहे. जुन्या काळात शिरायचे तर काउंट्यांच्या सीमा कधी आणि कशा बदलल्या हेही पाहावे लागते. कॅलिफोर्नियातली इंपीरियल काउंटी १९०७ मध्ये सॅन डिएगोतून वेगळी झाली, म्हणून त्याआधीच्या व्यवहारांचा माग सॅन डिएगोच्या दप्तरात घ्यावा लागतो.

शोधाचा कणा म्हणजे दोन सूची. एकीत लिहून देणाऱ्यांची नावे, दुसरीत लिहून घेणाऱ्यांची. आजच्या मालकाचे नाव घेणाऱ्यांच्या सूचीत शोधायचे. त्याने कोणाकडून घेतले ते कळले की त्या माणसाचे नाव पुन्हा घेणाऱ्यांच्या सूचीत पाहायचे, आणि असे मागे मागे जायचे. साखळी जुळली की उलट दिशेने यायचे. प्रत्येक मालकाचे नाव, त्याच्या ताब्याच्या काळापुरते, देणाऱ्यांच्या सूचीत तपासायचे; कारण गहाणखत, वाटेचा हक्क, कराची थकबाकी, चालू दाव्याची नोटीस हे सारे तिथे सापडते. हा दुसरा फेरा कंटाळवाणा असतो, पण न दिसणारा बोजा त्यातच उघडा पडतो. महाराष्ट्रात वकील साधारण तीस वर्षांचा ‘सर्च’ घेतात. फ्लोरिडातही विशिष्ट अपवाद वगळता तीस वर्षांपलीकडचे जुने दावे आपोआप निकालात काढणारा कायदा आहे. मिशिगनमध्ये हीच मुदत साधारणपणे चाळीस वर्षे आहे. काही काउंट्यांत नावाऐवजी भूखंडवार सूचीही असते. ती असेल तर निम्मे कष्ट वाचतात.

नावांची सूची म्हटली की शुद्धलेखन आले. संगणकीय सूची अक्षरास अक्षर लावून पाहते. मराठी माणसाच्या बाबतीत पासपोर्टवर स्वतःचे आणि वडिलांचे नाव एकाच रकान्यात, खरेदीखतात वडिलांच्या नावाचे फक्त आद्याक्षर, आणि गहाणखतात तेही गळलेले, असे सर्रास होते. वैद्य किंवा वाघ यांच्या आडनावातला ‘व’ रोमन लिपीत दोन तऱ्हांनी लिहिला जातो. लग्नानंतर बदललेले आडनाव आणखी वेगळे. घर कौटुंबिक ट्रस्टच्या नावे केलेले असेल तर घेणाऱ्याच्या जागी माणसाचे नाव शेवटी येते किंवा येतही नाही. म्हणून नावाची सगळी रूपे कागदावर लिहून एकेक तपासणे हाच खात्रीचा मार्ग आहे, आणि खरेदीच्या दिवशी सगळ्या कागदांवर एकच रूप राहील याची काळजी घेणे त्याहून बरे.

दस्त हातात आला की त्यातले मालमत्तेचे वर्णन वाचावे. घर क्रमांक आणि रस्ता याला कायदेशीर महत्त्व थोडे. शहरी वस्तीत बहुधा नोंदवलेल्या आखणीच्या नकाशाचा हवाला असतो: अमुक नकाशा, अमुक गट, अमुक प्लॉट. मध्य आणि पश्चिम अमेरिकेतल्या शेतजमिनींत १७८५ च्या भूमी अध्यादेशाने घालून दिलेली चौकट दिसते. सहा मैल बाजूच्या चौरसाला टाउनशिप म्हणतात. त्याचे ३६ सेक्शन, प्रत्येक ६४० एकरांचा. ‘सेक्शन १२ च्या आग्नेय चतुर्थांशाचा वायव्य चतुर्थांश’ असे वर्णन आले की हिशेब मोठ्याकडून लहानाकडे करायचा: ६४० चे चौथाई १६० आणि त्याचे चौथाई ४० एकर. मूळ तेरा वसाहती, केंटकी, टेनेसी, टेक्सास वगैरे वीस राज्ये या चौकटीबाहेर राहिली. तिथे चतुःसीमेचे वर्णन चालते: अमक्या ओकच्या झाडापासून इतके अंश पूर्वेला, इतक्या साखळ्या, ओढ्याच्या काठापर्यंत. ही साखळी ६६ फुटांची. आपला गुंठा ३३ फूट बाय ३३ फूट, म्हणजे याच साखळीच्या निम्म्या लांबीचा चौरस. झाड केव्हाच पडलेले आणि ओढ्याने पात्र बदललेले असते. अशा वेळी सर्वेक्षकाच्या मोजणीशिवाय पुढे जाऊ नये.

व्यवहाराची किंमत बरेचदा खतात स्पष्ट लिहिलेली नसते. ‘दहा डॉलर व इतर मोबदला’ असे ठरीव शब्द घालून ती झाकली जाते. पण हस्तांतरण कराचा आकडा दस्तावर असतो आणि त्यावरून उलटा हिशेब करता येतो. कॅलिफोर्नियात काउंटीचा दर ५०० डॉलरला ५५ सेंट आहे. कर ५५० डॉलर असेल तर व्यवहार सुमारे पाच लाख डॉलरचा. शहराचा स्वतंत्र कर असेल किंवा आधीचे कर्ज खरेदीदाराने अंगावर घेतले असेल तर हा हिशेब बदलतो. टेक्सासमध्ये असा कर नाही आणि किंमत जाहीर करण्याची सक्तीही नाही.

साखळीचे पहिले टोक काउंटीत सापडेलच असे नाही. जिथे जमीन मुळात केंद्र सरकारची होती, तिथे पहिली सनद संघराज्याच्या ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंटकडे असते. १७८८ पासूनच्या पन्नास लाखांहून अधिक नोंदींच्या प्रतिमा या विभागाने खुल्या ठेवल्या आहेत. १८६२ च्या होमस्टेड कायद्याखाली १६० एकरांपर्यंत जमीन मिळालेल्या कुटुंबांच्या अर्जांच्या मूळ फाइली राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत आणि घराण्याचा इतिहास शोधणाऱ्यांना त्या फार मोलाच्या वाटतात. वारसाहक्काने गेलेल्या जमिनीचा दुवा मृत्युपत्रे हाताळणाऱ्या प्रोबेट न्यायालयात असतो. खतांच्या साखळीत अचानक खंड दिसला तर पहिला संशय मृत्यूचा घ्यावा.

काही खंड आगीने पडले आहेत. ऑक्टोबर १८७१ च्या आगीत शिकागोची सारी काउंटी दप्तरे जळाली. दस्तांचे सारांश काढून विकणाऱ्या खाजगी पेढ्यांच्या वह्या मात्र वाचल्या, आणि १८७२ च्या कायद्याने त्या वह्या पुरावा म्हणून ग्राह्य धरल्या. म्हणूनच शहराची मालकी पुन्हा मांडता आली. सॅन फ्रान्सिस्कोत १९०६ च्या भूकंप-आगीनंतर मालकांना न्यायालयात जाऊन हक्क शाबित करून घेण्याची सोय मॅकेनर्नी कायद्याने केली.

दुसरे काही खंड कायद्यानेच पाडले, आणि त्यात भारतीयही सापडले. कॅलिफोर्नियाच्या १९१३ च्या कायद्याने नागरिकत्वास अपात्र परदेशीयांना शेतजमीन घ्यायला बंदी केली; १९२० मध्ये तो आणखी आवळला. भगतसिंग थिंड खटल्यात १९२३ साली सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांना नागरिकत्वास अपात्र ठरवले आणि इंपीरियल खोऱ्यातले पंजाबी शेतकरी थेट या बंदीत आले. त्यांनी ओळखीच्या गोऱ्या शेतकऱ्यांच्या, वकिलांच्या, पुढे अमेरिकेत जन्मलेल्या आपल्या मुलांच्या नावे जमिनी केल्या. इंपीरियल काउंटीच्या एल सेंट्रो इथल्या दप्तरात त्या जमिनी कसणाऱ्याचे नाव शोधून सापडणार नाही. तिथे दिसते ते ज्याच्यावर त्याने विश्वास टाकला त्याचे नाव. १९४६ च्या कायद्याने भारतीयांना नागरिकत्वाची वाट मोकळी झाली, आणि कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५२ मध्ये जमीनबंदीचा कायदाच घटनाबाह्य ठरवला. याच काळातल्या हजारो खतांत ‘गोऱ्याखेरीज कोणाला विकू नये’ अशा अटी आढळतात. न्यायालयांनी त्या अमलात आणू नयेत असा निकाल १९४८ च्या शेली विरुद्ध क्रेमर खटल्यात लागला. तरी कागदावर त्या तशाच राहिल्या. मिनेसोटा विद्यापीठातल्या ‘मॅपिंग प्रेज्युडिस’ या उपक्रमाने काउंटीचे जुने दस्त वाचून अशा अटींचे नकाशे तयार केले, आणि बंदी नेमकी कोणत्या गल्लीत होती ते दाखवून दिले.

नोंदीने मालकीची हमी मिळत नसल्यामुळे अमेरिकेत मालकीच्या विम्याचा धंदा उभा राहिला. त्याची पहिली कंपनी १८७६ मध्ये फिलाडेल्फियात निघाली. कर्ज देणारी बँक स्वतःपुरता विमा घ्यायला लावते. खरेदीदाराचा विमा वेगळा असतो आणि तो मागून घ्यावा लागतो. सरकारनेच मालकीची हमी देणारी टॉरेन्स पद्धत मॅसॅच्युसेट्स, मिनेसोटा अशा मोजक्या राज्यांत काही जमिनींना लागू आहे.

दस्त पाहायला कारण सांगावे लागत नाही. अलीकडचे बहुधा संकेतस्थळावर, जुने मायक्रोफिल्मवर किंवा जाड वह्यांत असतात. प्रमाणित नक्कल थोड्या डॉलरांत मिळते. नव्या घरमालकांना सरकारी वाटावीत अशी पत्रे पाठवून त्याच नकलेसाठी शंभर डॉलरच्या आसपास उकळणाऱ्या खाजगी कंपन्या आहेत. अशा पत्राला पैसे न पाठवता थेट काउंटीकडे जावे. कर्ज फिटल्यावर बोजा उतरवल्याचा दस्त बँकेने नोंदवला का, हेही स्वतः पाहावे. तो राहून गेला असेल तर घर विकायच्या वेळी अडचण येते, आणि तोवर ती बँक दुसऱ्या बँकेत विलीन झालेली असू शकते.