प्रदीप कुमारचा शहजादा आणि आपले बऱ्हाणपूर

शहजादा म्हटला की आपल्या बॅचमधल्या बहुतेकांच्या डोळ्यांपुढे अजूनही प्रदीप कुमारच उभा राहतो. देखणा, गोरापान चेहरा, कोरलेली बारीक मिशी, गळ्यात मोत्यांचे सर आणि पगडीवर शिरपेच. इतिहासाच्या पुस्तकात मोगल बादशहांची काळपट, अस्पष्ट चित्रे होती, पण ती कोणाच्या लक्षात राहिली नाहीत. आपला सलीम आणि आपला शाहजहान पडद्यावरून आला. स्मरणिकेसाठी इतिहासाविषयी काहीतरी लिही, असा मित्रांचा आग्रह झाला, तेव्हा म्हटले की ज्या चेहऱ्यामुळे आपल्याला मोगलांची पहिली ओळख झाली, त्याच्यापासूनच सुरुवात करावी. त्याने आपल्याला काय दाखवले आणि काय दाखवले नाही, हे आता या वयात निवांतपणे पाहता येईल.

प्रदीप कुमार मूळचा बंगाली. जन्म १९२५ चा, खरे नाव शीतल बटब्याल. देवकी बोस यांच्या 'अलकनंदा' या १९४७ च्या बंगाली चित्रपटातून तो पुढे आला. मग मुंबईत फिल्मिस्तानच्या 'आनंदमठ'मध्ये (१९५२) दिसला आणि पुढच्याच वर्षी 'अनारकली'तला सलीम झाला. तो चित्रपट तुफान चालला आणि या माणसाच्या अंगावर जो जरीचा अंगरखा चढला तो पुढे पंधरा वर्षे उतरलाच नाही. एकट्या १९५६ सालात 'राजहठ', 'शिरीं फरहाद', 'पटरानी', 'दुर्गेशनंदिनी' असे त्याचे किती पोशाखी चित्रपट आले पाहा. १९६३ मध्ये 'ताजमहल', १९६४ मध्ये 'चित्रलेखा', १९६७ मध्ये 'नूरजहाँ'.

यातल्या तीन चित्रपटांची गंमत अशी. 'अनारकली'त तो सलीम म्हणजे पुढचा जहांगीर. 'ताजमहल'मध्ये तो खुर्रम म्हणजे शाहजहान, त्याच जहांगीरचा मुलगा. आणि 'नूरजहाँ'मध्ये पुन्हा जहांगीर. बाप तोच, मुलगाही तोच. नायिकाही पाहा. 'अनारकली'त बीना रॉय बापाची प्रेयसी, तर दहा वर्षांनी 'ताजमहल'मध्ये तीच मुलाची बेगम. सुलोचनाबाईंची (रूबी मायर्स) कथा तर याहून न्यारी. १९२८ च्या मूकपटात आणि १९३५ च्या बोलपटात त्या स्वतः अनारकली होत्या, आणि १९५३ च्या चित्रपटात त्या सलीमची आई झाल्या. सिनेमाच्या जनानखान्यात नातीगोती अशी फिरत असतात.

या अनारकलीला आपल्या मातीचाही हात लागला आहे. संगीतकार सी. रामचंद्र म्हणजे नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर. लताबाईंचा गळा बीना रॉयला आणि हेमंतकुमारांचा प्रदीप कुमारला. लाहोरच्या एका दंतकथेवर बंगाली नायक आणि मराठी संगीतकार यांनी मुंबईत चित्रपट उभा केला आणि तो गावोगावच्या तंबूंत पोहोचला. ती गाणी आजही आपल्यापैकी कित्येकांना पाठ आहेत, सनावळी मात्र कोणाला आठवत नाही.

आता सनावळीकडे. आठवीच्या सहामाहीत आपल्यातल्या एकाने लिहिले होते की, सलीमने अनारकलीसाठी अकबराविरुद्ध बंड केले. (नाव सांगत नाही, तो संमेलनाला येणार आहे.) सरांनी मार्क कापले नाहीत. फळ्यावर फक्त दोन आकडे लिहिले: सलीमचा जन्म १५६९, बंड १६००. 'वजाबाकी करा' म्हणाले. बंडाच्या वेळी हा 'कोवळा प्रेमवीर' एकतीस वर्षांचा होता आणि त्याचा थोरला मुलगा खुस्रो तेरा वर्षांचा होता.

जहांगीरने स्वतःच्या कारकिर्दीची हकीकत फार्सीत लिहून ठेवली आहे. तीत दारूचे व्यसन आहे, शिकार आहे, अबुल फज्लला मारवल्याची कबुलीही आहे. अनारकली मात्र कुठेही नाही. तिची गोष्ट पहिल्यांदा लिहून ठेवली ती १६११ मध्ये लाहोरला आलेल्या विल्यम फिंच या इंग्रज व्यापाऱ्याने, तीही ऐकीव, आणि तिच्यात ती अकबराच्याच जनानखान्यातली बाई आहे. लाहोरला तिच्या नावाने ओळखली जाणारी कबर आहे, पण ती नेमकी कोणाची यावर अभ्यासकांचे एकमत नाही. आपल्याला माहीत असलेली अनारकली घडवली ती इम्तियाज अली ताज यांच्या १९२२ च्या उर्दू नाटकाने. मग सिनेमावाल्यांनी ती उचलली. १९५३ मध्ये ती भिंतीत चिणली जाते, १९६० च्या 'मुग़ल-ए-आज़म'मध्ये गुपचूप वाचवली जाते. दंतकथेचा शेवट दिग्दर्शकाच्या मर्जीने बदलतो, इतिहासाला ती सोय नसते.

मग बंड कशासाठी? सिंहासनासाठी. अकबर म्हातारा होत चालला होता आणि सलीमला वाट पाहवत नव्हती. बंडाची वेळही त्याने नेमकी साधली. त्या वेळी अकबर आग्र्यात नव्हता. तो होता आपल्या खानदेशात. १६०० मध्ये बऱ्हाणपुरात मुक्काम टाकून त्याने असीरगडाला वेढा घातला होता. जानेवारी १६०१ मध्ये गड पडला आणि खानदेशची फारुकी राजवट संपली. बाप इकडे तापीकाठी अडकला होता, म्हणून सलीमने तिकडे अलाहाबादेत स्वतंत्र दरबार थाटला. बाप-लेकाच्या ज्या भांडणावर दोन अजरामर चित्रपट निघाले, त्याचा एक धागा आपल्या शाळेपासून एका दिवसाच्या सहलीच्या अंतरावर होता, आणि आपण तो शोधत होतो आग्र्याच्या कागदी महालात.

'ताजमहल'चेही तसेच. रोशन यांचे संगीत, साहिर यांची गीते, रफी आणि लताबाई. त्या वर्षीची फिल्मफेअर पारितोषिके संगीतकार आणि गीतकार दोघांनाही मिळाली. खुर्रम झालेला प्रदीप कुमार त्यात इतका हळुवार आहे की, हा माणूस कोणाला दुखवू शकेल असे वाटत नाही. आता खऱ्या खुर्रमचा हिशेब मांडू. दख्खनची मोहीम त्याने बऱ्हाणपुराहून चालवली. मलिक अंबरकडून अहमदनगरचा किल्ला परत मिळवला, म्हणून १६१७ मध्ये जहांगीरने त्याला 'शाहजहान' हा किताब दिला. म्हणजे हे नावच मुळी दख्खनच्या मोहिमेतून आलेले. थोरला भाऊ खुस्रो त्याच्या ताब्यात होता. १६२२ मध्ये तो बऱ्हाणपुरातच मेला, आणि तो खुर्रमच्या इशाऱ्यावरून मारला गेला असे बहुतेक इतिहासकार मानतात. त्याच वर्षी खुर्रमने बापाविरुद्ध बंड केले. पुढे १६२८ मध्ये गादीवर येताना धाकटा भाऊ शहरयार, खुस्रोचा मुलगा दावरबक्ष आणि आणखी काही शहजादे यांची लाहोरला कत्तल झाली. चित्रपटात नूरजहाँची कारस्थाने आहेत, पण नायकाच्या हाताला रक्त लागत नाही.

आणि मुमताज. लग्न १६१२ चे. एकोणीस वर्षांत चौदा बाळंतपणे. खानजहान लोदीच्या बंडासाठी शाहजहान दख्खनेत उतरला तेव्हा ती सोबत होती. १७ जून १६३१ रोजी बऱ्हाणपुरात चौदाव्या बाळंतपणात ती गेली. तापीपलीकडच्या झैनाबादच्या बागेत तिला पुरले, आणि सुमारे सहा महिन्यांनी तिचे शव आग्र्याला नेले. ताजमहालाची गोष्ट आग्र्यात संपते, पण ती सुरू होते बऱ्हाणपुरात.

त्या वर्षी आपल्याकडे आणखी काय चालले होते? शिवनेरीवर शिवबा सोळा महिन्यांचे होते. लखुजी जाधवरावांच्या खुनानंतर निजामशाही सोडून शहाजीराजे त्या काळापुरते मोगलांच्या चाकरीत होते. आणि गुजरात, खानदेश, दख्खनवर १६३० ते ३२ चा भीषण दुष्काळ पडला होता. देहूत तुकोबांच्या संसाराची वाताहत झाली ती याच दुष्काळात, असे मानले जाते. शाहजहानने बऱ्हाणपुरात लंगर उघडले, काही साराही माफ केला, याची नोंद दरबारी बखरीत आहे. पण बादशहाच्या मोहिमेचे ओझे त्याच उपाशी मुलखावर होते, हेही खरे. एकाच मुलखात एकाच वेळी राणीचा मृत्यू, दुष्काळ आणि शिवनेरीवरचे मूल. आपण या तिन्ही गोष्टी शाळेत शिकलो, पण तीन वेगवेगळ्या धड्यांत.

गीतकार साहिर यांना हे ठाऊक होते. त्यांची 'ताजमहल' नावाची नज्म चित्रपटाच्या कितीतरी आधीची. तीत ते प्रेयसीला म्हणतात की, एका बादशहाने दौलतीच्या जोरावर आम्हा गरिबांच्या प्रेमाची चेष्टा केली आहे, तू मला दुसरीकडे कुठे तरी भेट. त्याच कवीने पुढे त्याच बादशहासाठी प्रेमगीते लिहिली. पोटासाठी लिहिली म्हणा, कलेसाठी म्हणा, पण दोन्ही खरी आहेत. माझ्या मते हे चित्रपट पाहण्याची रीतही तीच असावी. गाणे मनापासून ऐकावे आणि नज्म विसरू नये.

'नूरजहाँ'विषयी थोडक्यात. मेहरुन्निसा आणि सलीम यांची तरुणपणची प्रीती, मग तिच्या पहिल्या नवऱ्याचा, शेर अफगनचा, सलीमने काढलेला काटा ही दंतकथा आपल्या ओळखीची. शेर अफगन १६०७ मध्ये मेला आणि नूरजहाँचे जहांगीरशी लग्न झाले १६११ मध्ये, तेव्हा ती चौतिशीची होती. तिच्या नावाची नाणी निघाली, तिच्या हुकमाने कारभार चालला. खरा चित्रपट तिथे होता, पण देखण्या नायकाच्या चित्रपटात नायिकेने राज्य करायचे नसते. एक तपशील मात्र सिनेमाच्या पोशाखवाल्यांनी उगाच घेतलेला नाही: कानातला मोती. १६१४ मध्ये आजारातून उठल्यावर अजमेरच्या ख्वाजांविषयीच्या कृतज्ञतेपोटी जहांगीरने कान टोचून मोती घातले, असे तो स्वतःच लिहितो. त्याचे पाहून दरबारीही घालू लागले.

प्रदीप कुमार मोठा नट होता असे कोणी म्हणणार नाही. दिलीपकुमारच्या सलीमशेजारी त्याचा सलीम चित्रातल्यासारखा स्तब्ध वाटतो. पण त्या स्तब्धपणातच त्याचे यश होते. मोगल चित्रांतले बादशहाही असेच हात न हलवता उभे असतात. फाळणीला सहाच वर्षे झाली होती, तेव्हा या चेहऱ्याने मोगल बादशहाला माणूस म्हणून, रडणारा आणि प्रेमात पडणारा म्हणून घराघरांत नेले, हे कमी नाही. पुढे १९८३ च्या 'रझिया सुलतान'मध्ये तो रझियाचा बाप, सुलतान अल्तमश, झाला. २००१ मध्ये कोलकात्यात त्याचे निधन झाले.

आपले सर म्हणत, की नाटक-सिनेमा बघून आलात तर हरकत नाही, पण येताना एक प्रश्न घेऊन या. मुले आज मोबाइलवर मालिका पाहून इतिहास बोलतात, भांडतातही. त्यांना सिनेमा बघू नका असे सांगण्यात अर्थ नाही, आपण तरी कुठे ऐकले असते? त्यांच्यापुढे वजाबाकी ठेवावी आणि एखादी जागा दाखवावी. भुसावळला खंडव्याच्या गाडीत बसले की सावदा, रावेर करत बऱ्हाणपूर येते. तापीकाठचा शाही किल्ला, पलीकडचा आहूखाना, पुढे असीरगड. आपल्यापैकी आग्र्याला जाऊन ताजपुढे फोटो काढून आलेले पुष्कळ आहेत, बऱ्हाणपूरला उतरलेले फार थोडे. संमेलन आटोपले की नातवंडांना घेऊन एक दिवस काढा.