संगणक संशोधक : पात्रता, विद्यावेतन आणि पुण्यातील संधी

माढा : तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडण्याचा प्रयोग झाला आणि तेथील शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये ‘ग्लोबल टीचर’ पुरस्कार मिळाला. हा चौकोनी कोड १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीत विकसित झाला. त्याचा काही भाग पुसला गेला, तरी मोबाइल तो वाचू शकतो. त्यामागे रीड आणि सॉलोमन यांनी १९६० मध्ये मांडलेली दोषदुरुस्तीची गणिती पद्धत आहे. अशा पद्धती शोधणे हे संगणक संशोधकाचे काम होय.

कामाचे स्वरूप

सॉफ्टवेअर अभियंता ज्ञात पद्धती वापरून प्रणाली तयार करतो. संशोधक नवी पद्धत मांडतो, ती सिद्ध करतो आणि शोधनिबंधातून प्रसिद्ध करतो. गणनविधी, कृत्रिम बुद्धिमत्ता, माहितीची सुरक्षितता, महासंगणन व भाषा तंत्रज्ञान ही त्याची प्रमुख क्षेत्रे आहेत. आयआयटी मुंबईत तयार झालेला मराठी शब्दबंध हे मराठी भाषेतील अशा संशोधनाचे उदाहरण आहे.

शैक्षणिक पात्रता

बारावीला गणित आवश्यक समजावे. त्यानंतर बी. ई. अथवा बी. टेक., किंवा बी. एस्सी. व एम. एस्सी., आणि पुढे पीएच. डी. असा मार्ग आहे. सोलापुरात वालचंद तंत्रनिकेतनातून अभियांत्रिकीची पदवी, तर २००४ मध्ये स्थापन झालेल्या व आता पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विद्यापीठातून संगणकशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेता येते.

पुढील दरवाजे दोन परीक्षांनी उघडतात. एम. टेक. आणि पीएच. डी.साठी ‘गेट’ उपयोगी पडते. तिचे गुण तीन वर्षे ग्राह्य धरले जातात आणि पदवीच्या तिसऱ्या वर्षापासून ती देता येते. २०२४ पासून तिच्यात विदा विज्ञान व कृत्रिम बुद्धिमत्ता ही स्वतंत्र प्रश्नपत्रिकाही आहे. दुसरी परीक्षा ‘यूजीसी-नेट’. पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के गुण ही तिची सर्वसाधारण अट असून, राखीव प्रवर्गांना सवलत आहे. कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीसाठी (जेआरएफ) ३० वर्षांची वयोमर्यादा आहे. महिला व राखीव प्रवर्गांना त्यात सूट मिळते.

शिकताना मिळणारे विद्यावेतन

बारावीनंतर चार वर्षे पदवी, दोन वर्षे एम. टेक. आणि चार ते पाच वर्षे पीएच. डी. धरल्यास शिक्षण संपेपर्यंत वय अठ्ठावीस-एकोणतीस होते. बरोबरीचे मित्र बाविसाव्या वर्षी पगार घरी आणू लागतात. उजनीच्या पाण्यावर ऊस पिकविणाऱ्या, पण शिक्षणासाठी कर्ज काढणाऱ्या कुटुंबाला हा काळ कसा पेलणार, हाच खरा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर विद्यावेतनात आहे. ‘गेट’द्वारे एम. टेक.ला प्रवेश घेणाऱ्या पात्र विद्यार्थ्यांसाठी दरमहा १२,४०० रुपयांचे विद्यावेतन आहे. जानेवारी २०२३ पासून लागू झालेल्या दरांनुसार पीएच. डी.च्या पहिल्या दोन वर्षांत ३७,००० आणि त्यानंतर ४२,००० रुपये दरमहा मिळतात. नियमानुसार घरभाडे भत्ता वेगळा. म्हणजे सुरुवातीला वर्षाला ४ लाख ४४ हजार रुपये. २०१८ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान संशोधन अधिछात्रवृत्तीत ७० ते ८० हजार रुपये दरमहा ठरविण्यात आले. मात्र तिची निवड अतिशय कठीण आहे. राज्यात बार्टी, सारथी आणि महाज्योती या संस्थांच्याही अधिछात्रवृत्त्या आहेत. म्हणून प्रवेश घेण्यापूर्वी अधिछात्रवृत्ती निश्चित आहे का, हे तपासणे अत्यावश्यक ठरते. तिच्याविना सुरू केलेली पीएच. डी. अनेकदा घरच्या पैशांवर रेटावी लागते.

वेतन किती?

सातव्या वेतन आयोगाच्या तक्त्यानुसार सुरुवातीचे मूळ वेतन पुढीलप्रमाणे आहे. महागाई व अन्य भत्ते वेगळे मिळतात.

- शास्त्रज्ञ ‘ब’ (डीआरडीओसारख्या केंद्रीय संस्था) : ५६,१०० रुपये
- विद्यापीठ व महाविद्यालयातील सहायक प्राध्यापक : ५७,७०० रुपये
- शास्त्रज्ञ ‘क’ : ६७,७०० रुपये
- आयआयटीतील सहायक प्राध्यापक (श्रेणी १) : १,०१,५०० रुपये

शास्त्रज्ञ ‘ब’ पदासाठी पीएच. डी. सक्तीची नसते. डीआरडीओ ‘गेट’चे गुण पाहून अभियांत्रिकी पदवीधरांची निवड करते. त्यामुळे लवकर कमावण्याची निकड असलेल्यांना ही वाट सोयीची आहे. खासगी प्रयोगशाळांत ठराविक वेतनश्रेणी नसते. तेथे प्रसिद्ध शोधनिबंधांना मोठे महत्त्व असते. तुलनेसाठी, अमेरिकेत मे २०२४ मध्ये या पदाचे मध्यक वार्षिक वेतन १,४०,९१० डॉलर होते.

पुण्यातील संधी

माढ्याहून रेल्वेने थेट गाठता येणारे पुणे या क्षेत्रातील जुने केंद्र आहे. टाटा समूहाचे संशोधन केंद्र (टीआरडीडीसी) येथे १९८१ मध्ये सुरू झाले. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक सादर केला. सी-डॅकमधील अनेक पदे प्रकल्पापुरती व कराराची असतात, हे अर्ज करताना ध्यानात घ्यावे. डीआरडीओच्या प्रयोगशाळाही शहरात आहेत.

गणिताची गोडी, इंग्रजीत शोधनिबंध लिहिण्याची तयारी आणि चिकाटी हे या क्षेत्राचे भांडवल आहे. पदवीच्या तिसऱ्या वर्षीच ‘गेट’ची तयारी सुरू केल्यास नोकरी आणि संशोधन, दोन्ही वाटा खुल्या राहतात.